जावळीच्या खोऱ्यात रोड बाइक: कास, बामणोली, तापोळा, केळघर

'येता जावली, जाता गोवली' हे जावळीच्या मोऱ्यांच्या तोंडचं म्हणून सांगितलं जातं. यायचं तर या, आलात की गुंतलात. धमकी शिवाजी महाराजांना होती, पण साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला रोड बाइकने उतरणाऱ्यालाही ती लागू पडते. आत जायला फारसं काही करावं लागत नाही, उतारच नेतो. बाहेर पडायला मात्र चढ आहे. आणि खोऱ्यात असताना सायकलचा मोडलेला भाग बदलून देईल असं एकही दुकान नाही. म्हणून या लेखात निसर्गवर्णन कमी आणि नटबोल्ट जास्त.

आधी रस्ता. सातारा साधारण ७०० मीटरवर. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि पेट्रीवरून कास गाठायचं. अंतर सुमारे २५ किलोमीटर, पठाराची उंची १,२०० मीटरच्या आसपास. तिथून बामणोली आणखी बारा-एक किलोमीटर, बहुतेक उतार. बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर आहे. कोयना धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी २,१६३ फुटांवर, म्हणजे ६५९ मीटरवर असतं. थोडक्यात, या बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटर खाली येता. पुढे लाँचने तापोळा; तेही त्याच पाण्याच्या काठी. तापोळ्याहून महाबळेश्वर २८ किलोमीटर आणि १,३५० मीटर उंच. मग केळघर घाटाने मेढा सुमारे ३०, आणि मेढ्याहून सातारा २५. सायकलवरचं अंतर १२०च्या आसपास भरतं. नुसता तळ आणि माथा मोजला तरी १,२०० मीटर चढ होतो. मधले लहान-मोठे खळगे आणि उंचवटे धरले तर तो आकडा बराच वाढतो. तेच खळगे पाय मोडतात, कारण ते कुणी हिशेबात धरलेले नसतात.

गिअर

बाजारातल्या बऱ्याच रोड बाइकवर पुढे, पेडलपाशी, ५० आणि ३४ दात्यांची दोन चाकं (५०/३४) आणि मागे ११ ते २८ दात्यांची चाकं (११-२८) असतात. पुणे-सातारा हायवेला हे पुरतं. तापोळ्याच्या चढाला पुरत नाही. गणित करून बघा. ७००×२८ (२८ मिलिमीटर रुंद) टायरचा घेर साधारण २.१३ मीटर. ३४/२८ला, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ असताना, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, जे दमलेल्या माणसालाही जमतात, तेवढे मारायचे तर वेग ताशी ९.३ किलोमीटर राखावा लागतो. सायकल, माणूस, पाणी, सामान मिळून ८० किलो धरले तर ८ टक्के चढावर त्याला १८५ वॅटच्या आसपास ताकद लागते. तेच मागे ३४ दात्यांचं चाक असेल, तर वेग ७.७ आणि ताकद साधारण १५५ वॅट. तीस वॅटचा हा फरक पहिल्या घाटाला जाणवत नाही. दुपारी दोनला, पाण्याची बाटली अर्धी उरलेली असताना, यावरच सायकलवर बसून राहणार की ती ढकलणार हे ठरतं.

सायकलचं वजन पन्नास ग्रॅमने कमी व्हावं म्हणून टायटॅनियमचे बोल्ट घेणारे आणि मग ११-२८ घेऊन तापोळ्याला जाणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये.

कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, बदलताना दोन गोष्टी बघायच्या. एक, मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा. उदाहरणार्थ, शिमानो १०५ आर७०००चा आखूड पिंजरा ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४साठी लांब पिंजरा लागतो. दोन, चेनची लांबी. २८च्या मापाने कापलेली चेन ३४ला आखूड पडते. कधीतरी चुकून पुढे मोठं आणि मागे मोठं अशी जोडी पडली की चेन ताणली जाऊन डिरेलर पुढे खेचला जातो आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा, तुटतो. म्हणून घरीच स्टँडवर लावून ही जोडी हळूच टाकून बघा. नवी कॅसेट बसवली की बी-स्क्रूही फिरवावा लागतो. डिरेलरची वरची जॉकी (छोटी दातेरी चकती) आणि सर्वांत मोठं चाक यांत ५-६ मिलिमीटर फट हवी. चेन आतल्या बाजूला कुठवर जाईल ते ठरवणारा लो लिमिटचा स्क्रू सैल असेल तर चेन मोठ्या चाकावरून स्पोकमध्ये जाते. ती जाते तीही नेमकी सगळा भार पेडलवर असताना, चढावर.

ब्रेक

चढाची तयारी सगळे करतात. उताराची कुणी करत नाही, आणि दुखापती उतारावर होतात.

८० किलो वजन पाचशे मीटर खाली येतं तेव्हा सुमारे ३९० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ३१५ लागतात. सरळ रस्ता असता तर बराचसा वाटा हवेने खाल्ला असता. इथे दर दोनशे-तीनशे मीटरवर वळण आहे, वेग राहतच नाही, त्यामुळे मोठा हिस्सा ब्रेकमध्येच जिरतो.

रिम ब्रेकवाल्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री पॅड काढून त्यांचा घासणारा पृष्ठभाग उजेडात बघायचा. अॅल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील. ते टाचणीने उकरून काढा आणि पृष्ठभागावर सँडपेपर फिरवा. हे कण राहिले तर ते रिम कापतात आणि कापलेल्या रिममधून आणखी कण पॅडमध्ये जातात. पावसात जांभ्याचा लाल गाळ मिसळला की हे सगळं दहापट वेगाने होतं. ओल्या रिमवर पहिला फेरा-दीड फेरा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, आधी पाणी पुसलं जावं लागतं. म्हणून वळण दिसायच्या आधीच पॅड हलके टेकवून रिम कोरडी करून घ्यायची. कार्बनच्या रिमवर रिम ब्रेक असलेली चाकं या वाटेला आणूच नका. उष्णता कार्बनमधून लवकर बाहेर पडत नाही, राळ मऊ पडते, रिमची कड फुगते. लॅटेक्स आणि टीपीयू (हलक्या प्लास्टिकच्या) ट्यूबही रिम ब्रेकसोबत टाळा, त्यांना उष्णता सोसत नाही. साधी ब्युटाइल ट्यूब जड आहे, पण निमूट काम करते.

डिस्क ब्रेकला रिमची चिंता नाही, पॅडची आहे. घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की शिमानो पॅड बदलायला सांगते. रेझिनचे पॅड पावसातल्या गाळात एका दिवसात एवढे झिजू शकतात की सकाळी ठीक असलेला लिव्हर संध्याकाळी हँडलला टेकतो. पावसाळ्यात जाणार असाल तर धातुमिश्रित पॅड लावा, पण आधी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या तबकडीवर, 'रेझिन ओन्ली' असं कोरलेलं नाही ना ते बघा. नवे पॅड घाटात पहिल्यांदा वापरायचे नाहीत. सपाट रस्त्यावर ताशी २५वरून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता, वीस-पंचवीस वेळा आणून ते बसवून घ्यायचे. नाहीतर पॅडवर काचेसारखी झिलई येते आणि मग ते ओरडतात फार, धरतात कमी.

लिव्हर धरून ठेवत उतरणं ही सवय मोडावी लागते. सलग घासत राहिलं की रिम किंवा रोटरला थंड व्हायला वेळ मिळत नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबा. सोडा. मग वळा. हात ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वाकात), बाहेरचा पाय खाली आणि वजन त्या पायावर. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही, वळण संपतं तिथे.

वळणांचंही एक गुपित आहे. आपण डावीकडून चालतो. उतरताना उजवं वळण आलं की आपल्याला बाहेरची मोठी कमान मिळते, रस्ता मोकळा वाटतो, आणि माणूस ब्रेक सोडतो. पण समोरून चढणाऱ्या एसटीसाठी तेच वळण डावं, आतलं आणि सर्वांत खड्या चढाचं असतं. लांब गाडी त्या आतल्या कोनात वळतच नाही. ड्रायव्हर आधी बाहेर, म्हणजे आपल्या बाजूला, येतो आणि मग आत घेतो. त्यामुळे उजव्या वळणावरच जास्त सावध राहायचं. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा घाटाचा नियमही आहे आणि शहाणपणही.

टायर आणि रस्ता

फ्रेममध्ये बसत असेल तर २८, डिस्कची फ्रेम असेल तर ३२. रुंद टायर बसतो म्हणून घालू नका. फिरताना चारही बाजूंनी चार मिलिमीटर जागा उरली पाहिजे, नाहीतर चिकटलेली खडी फ्रेमचा रंग आणि मग फ्रेम खाते. ८० किलो एकूण वजनाला २८च्या टायरमध्ये पुढे ६५-७० आणि मागे ७०-७५ पीएसआय पुष्कळ झाले. शंभर भरून जाणारे लोक ओल्या डांबरावर घसरतात आणि वर रस्त्याला नावं ठेवतात. पाऊस असेल तर पाचेक पीएसआय आणखी कमी करा. त्याहून खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

रस्त्यावर धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. झाडांची कमान आहे आणि ऊन पोहोचत नाही तिथे डांबरावर शेवाळ धरतं. ऑक्टोबर उलटला तरी ते असतं, आणि हिरवं नसून काळपट असल्यामुळे दिसत नाही. मोरीच्या अलीकडे-पलीकडे डांबर खचून आडवी चर पडलेली असते. साइडपट्टी पावसाने वाहून गेली की डांबराची कड वीतभर उंच राहते. तिच्यावरून उतरलात तर तिरकं चाक लावून परत वर येण्याचा प्रयत्न करू नका, थांबा आणि सायकल उचलून ठेवा. काम चालू असेल तिथे वळणाच्या आतल्या बाजूला कच साचते. ती वाळूइतकी बारीक आणि बॉल बेअरिंगइतकी निसरडी. वाडीच्या तोंडाशी पट्टे न मारलेला गतिरोधक असतोच असतो, आणि शेण कुठेही.

पंक्चर बहुतेक वेळा करवंदीच्या काट्याने किंवा जांभ्याच्या कपचीने होतं. काटा आत मोडून राहतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा; जिथे कापूस अडकेल तिथे काटा. बोटाने शोधलंत तर बोटालाच सापडतो. जांभ्याची कपची टायरची बाजू चिरते आणि चिरीतून ट्यूब फुगा होऊन बाहेर येते. त्यासाठी जुन्या टायरचा चार बोटं लांबीचा तुकडा सोबत असावा. पॅच लावताना सोल्युशन लावून त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं. कोरड्या दिवसात तीन-चार मिनिटं, पावसात त्याच्या दुप्पट. घाई करून लावलेला पॅच पुढच्या उतारावर, रिम तापली की सुटतो. ट्यूबलेस असेल तर टायरमागे ३०-४० मिलि सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, घाला. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, त्यामुळे दिवाळीत घातलेल्या सीलंटवर फेब्रुवारीत भरवसा ठेवू नका. आणि ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब हवीच.

वाटेतल्या गावात मोटरसायकलचं पंक्चर काढणारा सापडू शकतो. त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड प्रेस्टा, म्हणजे रोड बाइकच्या बारीक, व्हॉल्व्हला बसत नाही. सुपारीएवढा पितळी अडॅप्टर पिशवीत टाकला की बसतं. मात्र हवा थोडी-थोडी मारायला सांगा. रोड बाइकची ट्यूब एका दमात भरून फुटते.

हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी करून पंक्चर काढलं असेल तर परत सरळ केल्यावर लगेच उतारावर जाऊ नका. टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत गेलेला असू शकतो आणि लिव्हर मऊ लागतो. पाच-सात वेळा दाबून तो पुन्हा घट्ट झाला की मगच निघा.

गिअरची वायर तुटली तर

शिमानोच्या बऱ्याच रोड शिफ्टरमध्ये वायर डोक्याशी, लिव्हरच्या आत, एकेक धागा करत तुटते. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर लक्षण दिसतं: गिअर कधी पडतो, कधी पडत नाही, आणि बॅरल (वायर ताणायची चकती) फिरवून ट्यून केलं तरी दुसऱ्या दिवशी तसंच. अशी सायकल खोऱ्यात नेऊ नका, आधी वायर बदला. काही शेकड्यांचं काम आहे.

तरीही तुटलीच तर स्प्रिंग चेनला सर्वांत लहान, ११ दात्यांच्या चाकावर नेते. ३४/११ने महाबळेश्वर चढता येत नाही. वायर फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर खालच्या नळीजवळ ती हाताने ओढा, चेन मधल्या किंवा मोठ्या चाकावर आणा आणि तुटलेलं टोक बाटलीच्या पिंजऱ्याच्या बोल्टखाली दाबून घट्ट करा. एकच गिअर उरतो, पण चढाचा. वायर फ्रेमच्या आतून असेल तर चेनची बाहेरची हद्द ठरवणारा हाय लिमिटचा स्क्रू जेवढा जाईल तेवढा आत फिरवा. चेन एक-दोन चाकं वर सरकते. उरलेला चढ पायी, पण उतार आणि सपाटी तरी सायकलवर होते.

सोबतच्या पिशवीत सायकलच्या मॉडेलचा नेमका हँगर, चेनच्या स्पीडला जुळणारी क्विक लिंकची (चेन जोडायच्या कडीची) जोडी आणि चेन तोडायचं हत्यार ठेवा. हँगर एकाचा दुसऱ्याला बसत नाही, म्हणून मित्राकडे आहे हे उत्तर चालत नाही. सायकल उजव्या बाजूवर पडली असेल तर उठवल्यावर मागून बघा: डिरेलर आत झुकलेला दिसला तर मोठ्या चाकावर जाऊ नका, स्पोकमध्ये जाईल.

लाँच

बामणोलीत आणि तापोळ्यात पर्यटकांसाठी बोटी आहेत. भाडं बहुधा बोटीचं असतं, माणशी नाही. एकट्याला महाग पडतं, चौघांना परवडतं. सायकल न्यायची हे आधी सांगा. पुढचं चाक काढावं लागलं आणि डिस्क असेल तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या भागात, प्लास्टिकची पट्टी घाला. गर्दीत कुणाचा तरी हात लिव्हरवर पडतोच, आणि मग पॅड एकमेकांना चिकटतात. चिकटलेच तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू फाका, स्क्रूड्रायव्हर घालू नका. सायकल आडवी ठेवायची तर डिरेलर वरच्या बाजूला.

वाट बघणं, चढवणं-उतरवणं, पिठलं-भाकरी, असं सगळं धरून दोन तास मोजा. वारा फार असेल किंवा पावसाचा जोर असेल तर बोट सुटत नाही. मग परत कास चढणं हाच मार्ग, हे मनात धरूनच बामणोलीला उतरा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि धक्क्यापासून बोटीपर्यंत चिखल असतो; क्लीट (बुटाच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) त्यात भरले की पेडलला अडकत नाहीत. जुना टूथब्रश उपयोगी पडतो.

कधी, आणि सोबत काय

जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस हा पुण्या-मुंबईचा पाऊस नव्हे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बहुतेक याच काळात. दरडी कोसळतात, कास पठारावर धुक्यात दहा-पंधरा मीटरपलीकडचं दिसत नाही. त्या दिवसांत दिवसाही मागचा-पुढचा दिवा लागलेला हवा. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासला फुलं असतात, म्हणजे गाड्या असतात. शनिवार-रविवार सोडा, किंवा सातच्या आत पठार ओलांडा. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत बरं. फक्त पहाटेच्या उतारावर बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक समजत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. मार्चनंतर ऊन आणि वणवे.

गवा दिसला तर थांबा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो आणि कळपातलं एखादं वासरू मागे राहिलेलं असू शकतं. दोन गवे रस्ता ओलांडून गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. घंटी वाजवू नका. महाबळेश्वरात माकडं जर्सीच्या खिशातलं केळं पळवतात, ते आणखी वेगळं.

पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, म्हणजे दीड लिटर, सातारा ते बामणोली पुरतं. तापोळ्याहून निघताना दोन्ही काठोकाठ भरा, पुढच्या चढावर मिळेलच असं धरू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं तर पोट ढवळतं. मोबाइलला तापोळ्याच्या बाजूला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

साडेपाचला सातारा सोडलं, कासला पावणेआठ, बामणोली साडेआठ, तापोळा साडेदहा, असं पडलं तर महाबळेश्वर दीड-दोनला येतं. दोनच्या पुढे गेलं तर मागचा दिवा चार्ज आहे का बघा, कारण केळघरनंतर मेढ्यापर्यंत संध्याकाळची सावली लवकर येते. केळघर घाट सुरू करण्याआधी थांबून पॅड परत एकदा बघा, कासच्या उतारावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलेलं असतं. टायरवरून ओला हात फिरवून कपच्या काढा. आणि इथे साडेसहाशे मीटर उतरायचंय. दमलेला माणूस वळणाला उशिरा ब्रेक लावतो, म्हणून सकाळी कासला जिथे ब्रेक लावला असता त्याच्या चार सायकलींच्या लांबीइतकं आधी लावा.